अठरा रोपांना लागलेला हात

१

सोमवारी सकाळी साडेसातला वेदिकाची अठरा रोपं बिघडल्याची बातमी आली, आणि सोमनाथराव गायधनींना क्षणभर बरं वाटलं.

लाजही वाटली, नाही असं नाही. पण आधी बरं वाटलं आणि मग लाज वाटली. हा क्रम त्यांनी स्वतःशी मान्य केला. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस बाकी काहीही चुकवील, क्रम चुकवत नाही.

वेदिका त्यांची सून. सातपूरच्या पुढं त्र्यंबक रस्त्यावर एका खासगी न्यासाची भाजीपाला संशोधन संस्था होती, तिथं ती शास्त्रज्ञ होती. सोमनाथराव निवृत्त तालुका कृषी अधिकारी. तीन वर्षांपूर्वीपर्यंत नात्यागोत्यात कोणाच्या पिकावर काही पडलं की लोक रोगट पान रुमालात बांधून त्यांच्याकडे यायचे. आता ती पानं वेदिकाकडे जायची. परवा तर हरसूलचा पुंजा आला. त्याला पहिलं ठिबक सोमनाथरावांनी स्वतः उभं राहून बसवून दिलं होतं. तो दारातून त्यांनाच विचारता झाला, "साहेब, मॅडम हायत का घरात?"

मॅडमनी केलं होतं तरी काय? टोमॅटोवर पांढरी माशी बसते आणि एक विषाणू सोडून जाते. पानं वाटीसारखी मुरडतात, झाड खुजं होतं, फळ धरत नाही. आता हा विषाणू जात्याच परावलंबी. स्वतःच्या प्रती काढायला त्याला रोपाच्या पेशीतलंच एक यंत्र लागतं. वेदिकाने जनुकात नेमकी काटछाट करून त्या यंत्राचा एक खिळा काढून टाकला होता. बाहेरचं काही आत घातलं नाही, आतलीच दोन अक्षरं खोडली, असं ती सांगायची. विषाणू येतो, यंत्र चालत नाही, तो बसून राहतो.

"म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत आलेल्या शेतकऱ्यासारखा," तिचा नवरा महेश जेवताना म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. सोमनाथरावांनी मीठ मागितलं होतं.

कीटक शिरणार नाहीत अशा बारीक जाळीच्या घरात तिने चाळीस कुंड्या लावल्या होत्या. वीस रोपं खिळा काढलेली, वीस साधी, एकमेकांत मिसळून. सगळ्यांवर सारख्याच रोगट माश्या सोडल्या. साधी वीसही मुरडली, तिची वीस ताठ राहिली. तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी ती सासऱ्यांना मुद्दाम दाखवायला घेऊन गेली होती. सोमनाथरावांनी चष्मा पुसून तिच्या हिरव्या रोपांचे शेंडे उलटेपालटे करून पाहिले. एक तरी पान मुरडलेलं सापडेल, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती. सापडलं नाही. तेवढ्यात चहा आला. "बरं आहे," एवढा अभिप्राय देऊन ते निघाले. अभिप्राय चहाबद्दल होता की रोपांबद्दल, हे वेदिकाने विचारलं नाही.

आणि आता येत्या गुरुवारी दिल्लीची समिती येणार होती. रोपं शेतकऱ्यांच्या रानात न्यायची की फाईल बंद करायची, हे ठरवायला.

फोन वाजला. "साहेब, राज बोलतोय."

राज दातीर संस्थेचे संचालक होते. वीस वर्षांपूर्वी ते सोमनाथरावांच्या हाताखाली कृषी सहायक होते आणि त्यांची छत्री धरायचे. सोमनाथरावांना हे दर वेळी आठवायचं. दातीरांना बहुधा आठवत नसावं.

"साहेब, चौकशी करायची आहे. माणूस संस्थेबाहेरचा हवा, पण गोष्ट बाहेर जायला नको. तुम्ही याल?"

"अरे, मी तिचा सासरा आहे."

"म्हणूनच! सासरा सुनेची बाजू घेतो, असा आरोप आजवर कोणी कोणावर केलाय?"

२

वेदिका जाळीघराच्या दारात उभी होती. डोळे कोरडे, हातमोजे दोन्ही हातांत, कपाळावर मातीचा एक फराटा.

"बाबा, हे मुरडणं नाहीये. नीट बघा."

सोमनाथरावांनी पाहिलं. पान मुरडलेलं नव्हतंच. हिरव्यावर फिक्या पिवळ्याचे चट्टे, आणि शेंड्याची पानं नेच्यासारखी अरुंद झालेली.

"मोझॅक," मागून आवाज आला. ती संजना, वेदिकाची कॉलेजपासूनची जोडीदारीण, प्रयोगशाळेची सगळी कामं तिच्याकडे. तिच्या हातात कागदाच्या दोन पट्ट्या होत्या. "काका, पानाचा रस काढून चाचणी केली. माशीचा विषाणू नाहीच. हा दुसराच. आणि हा माशीबिशी आणत नाही. हातानं लागतो, कात्रीनं लागतो. पानाला जरा खरचटलं आणि तिथं रस टेकला की झालं. दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो."

"मग प्रश्न मिटला," सोमनाथराव म्हणाले. त्यांना मिटायला नको होता, तरी म्हणाले.

"मिटला कुठं?" दातीर पुढं झाले. "साहेब, शेजारची साधी रोपं बघा. मुरडलीत, पण मोझॅक एकालाही नाही. खिळा काढलेल्यांनाच झाला. समिती काय म्हणेल? मॅडमनी पुढचं दार बंद केलं आणि मागचं उघडं ठेवलं. असं बियाणं शेतकऱ्याला कोण देईल? बी जाळायचं, फाईल बंद, आणि मॅडमचा करार मार्चला संपतोच आहे."

 वेदिकाने एका कुंडीवरचं गळलेलं पान उचललं आणि वहीत ठेवलं, जपून, जणू ते कोणी परत मागणार होतं.

सोमनाथराव रांगांमधून फिरले, हात पाठीमागे बांधून. मत्सर बाजूला ठेवला तर माणूस हुशार होता. मत्सर बाजूला ठेवला जात नव्हता, म्हणून तर नजर जास्तच तीक्ष्ण झाली होती. हिरवं रोप, साधं रोप, दोन साधी, पुन्हा हिरवं, असा सगळा घोळ होता. आजार मात्र साध्यांना ओलांडून फक्त हिरव्यांवर उतरला होता. आणि पार मागच्या कोपऱ्यातली दोन हिरवी रोपं ठणठणीत होती.

"ही दोन कशी वाचली?"

"योगायोग," दातीर म्हणाले.

"खिळा तर यांचाही काढलाय. मागचं दार उघडं असतं तर यांचंही असतं." सोमनाथरावांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. "हे रोपात नाही, राज. कोणीतरी आत आलं. दारापासून सुरुवात केली. साध्यांकडे ढुंकूनही न बघता एकेका हिरव्या रोपाला हात लावत गेलं. अठरा झाली, आणि थांबलं. हा हात सापडला तर सून वाचते. नाही सापडला तर बुडते."

दातीरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

"साहेब, मोझॅक कशात असतो माहीत आहे ना? तंबाखूत. वाळवलेल्या पानातसुद्धा जिवंत राहतो. आता सांगा, या संस्थेत बावीस वर्षं तंबाखू मळणारा आणि मॅडमवर जळणारा माणूस कोण?"

३

खलील मणियार आपल्या खोलीत टोमॅटोचं बी वेचत बसले होते. संस्थेतले सगळ्यांत जुने शास्त्रज्ञ. रानटी टोमॅटोशी आपल्या टोमॅटोचा संकर करत करत त्यांनी बावीस वर्षांत एक वाण काढला होता. तो थोडासा कमी मुरडायचा.

"या गायधनी साहेब. माझ्यावर संशय आहे, असं शिपायानं सांगितलं. बसा."

सोमनाथरावांनी खिशातून चंची काढली. तंबाखूचा विडा पुढं केला की नाशिक जिल्ह्यात निम्मी चौकशी आपोआप होते, हा त्यांचा अनुभव होता. पण खलीलभाईंनी हात आडवा केला.

"आपली पुडीची. सुटी पानं सोसत नाहीत आता. काढा तुम्ही."

दोघांनी आपापली मळली. चुना मात्र एकाच डबीतला.

"खलीलभाई, वेदिकाचा हेवा वाटतो?"

"वाटतो म्हणजे? जळतो मी, साहेब! मी बावीस वर्षं पायी चाललो. आणि ही पोरगी रिक्षातून उतरते आणि अदबीनं विचारते, 'सर, तुम्ही अजून इथंच?' तसं ती म्हणाली नाही. पण मला रोज ऐकू येतं."

सोमनाथरावांना या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली. हे त्यांना तपासाच्या दृष्टीने योग्य वाटलं नाही.

"जाळीघरात कधी गेला होतात?"

"एकदाही नाही. रोज सकाळी बाहेर उभा राहतो. आत कशाला जाऊ? गेलो तर रोपं चांगली आहेत, हे डोळ्यांनी बघावं लागेल. बाहेरून जाळीतून धूसर दिसतं. धूसर परवडतं."

"पुरावा?"

"भागुबाईला विचारा. ती मला रोज हाकलते." खलीलभाईंनी एक बी चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "साहेब, एक सांगू? रोपं मारायचीच असती तर मी तंबाखूचा हात लावत फिरलो असतो का? एक दिवस पाणी तोडलं असतं. बावीस वर्षांत एवढं तर शिकलो."

हे खरं होतं. नेमकं तेच सोमनाथरावांना टोचलं. ज्याला मारायचं असतं तो सगळी एकदम मारतो. मग हा हात मारायला आलाच नव्हता का? आला होता तरी कशाला?

४

मंगळवारी सकाळी त्यांनी भागुबाईला गाठलं. ती जाळीघरात पाणी घालायची. हरसूलकडची, चाळिशीची, हिरव्या लुगड्याचा काचा मारलेली. बोलताना दात काळे दिसत होते.

"मिश्री लावता?" सोमनाथरावांनी विचारलं.

"लावते की. सकाळच्याला. तंबाखू तव्यावर काळी होस्तवर भाजायची नि वाटायची. का? मी रोपं बाटवली?"

"तसं नाही म्हणालो."

"म्हनू पन नका. मी बुडाशी पानी घालते, पाल्याला हात लावत नाय. सुतळी बांधली तवा लावला, तो चाळीसबी रोपांना लावला. माझ्या हातानं रोग आला असता तर चाळीसांना आला असता. मी रोपात दुजाभाव करत नाय. तुमच्या हाफिसात करत्यात."

"खलील सर आत आले होते कधी?"

"त्ये? त्ये बाहेरून हुसासे टाकत्यात. मी म्हनते, सर, जावा, रोपांना दृष्ट लागंल. मग जात्यात."

"बरं," म्हणून सोमनाथराव उठले. भागुबाई आणखी काही बोलणार होती. पण त्यांनी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय साहेबाला काही सांगायचं नाही, हे ती तिच्या वडलांपासून शिकली होती.

संजनाचं म्हणणं सरळ होतं. "हो काका, मला राग आहे. काटछाट मी केली, रात्रंदिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. निबंधावर पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. पण हा प्रयोग बुडाला तर माझं दुसरं नावसुद्धा जातं. शिवाय मला टोमॅटोच्या पाल्याची खाज सुटते, मोज्याशिवाय मी शिवतच नाही."

"मोजे सगळेच घालतात?"

"नियमच आहे. न घालणारा कोणीतरी मोठा माणूस असेल. ज्याला 'मोजे घाला' म्हणायची कोणाची छाती नाही, असा."

सोमनाथरावांच्या डोळ्यांसमोर संचालक राज दातीर उभे राहिले, आणि ते इतके शोभून दिसले की पुढची पंधरा मिनिटं त्यांना हलवावंसं वाटेना. मोठा माणूस. मोजे नाहीत. आता फक्त जाळीघराच्या दाराशी ठेवलेलं रजिस्टर पाहायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात होतं.

रजिस्टर जागेवर नव्हतं. ते वेदिकाच्या कपाटात होतं.

"दे जरा," सोमनाथराव म्हणाले.

वेदिकाने कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"नाही देणार, बाबा. तुम्ही चौकशी थांबवा. मी समितीला सांगेन, कारण कळलं नाही."

"अगं, तुझं बी जाळतील!"

"जाळू देत," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

५

सून कोणाला तरी पाठीशी घालत होती. कोणाला? मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ सोमनाथरावांनी या प्रश्नाला दिली. उत्तर येईना. तेवढ्यात दातीरांनी खलीलभाईंच्या नावाचं कारणे दाखवा पत्र टाइप करून घेतलं. तंबाखू म्हणजे खलील, हे त्यांचं गणित सोपं होतं.

"पत्र थांबव," सोमनाथराव म्हणाले. "आधी तंबाखू तपासू."

संजनाने चार कुप्या मांडल्या. पहिल्या कुपीत खलीलभाईंच्या पुडीतली चिमूट, दुसरीत भागुबाईची मिश्री, तिसरीत आजारी रोपाचं पान. "काका, तुलनेला एक चांगली सुटी तंबाखू हवी होती."

"ही घे. हरसूलच्या बाजारातली. गावरान पान, भेसळ नाही, मसाला नाही." सोमनाथरावांनी अभिमानाने चंची उघडली.

"एक रेघ आली तर काही नाही. दोन आल्या तर विषाणू आहे. इतर चाचण्यांसारखंच."

खलीलभाईंच्या पट्टीवर एक रेघ आली. मिश्रीवरही एकच, तव्यावर भाजल्यावर कोण टिकतो? आजारी पानावर ठसठशीत दोन.

चौथ्या पट्टीवर एक रेघ उमटली. मग तिच्या खाली, लाजत लाजत, दुसरी.

संजनाने पट्टी उचलली, फिरवली, खाली ठेवली. "पट्टी खराब असेल, काका. दुसरी लावते."

दुसरीवर तर रेघा लाजल्याही नाहीत.

सोमनाथराव जाळीघराकडे चालत गेले. भागुबाई नळी गुंडाळत होती.

"भागुबाई, तीन आठवड्यांपूर्वी रविवारी..."

"तुमी आलावता की. मॅडम मोजे देत हुत्या, तुमी म्हनला, मला काय शिकवती? खाल्ली तंबाखू, पुसला हात धोतराला, आन लागला शेंडे उलटायला. मुरडलेल्यांकडं बघितलं बी नाय. एक, एक, एक. मी चहा आनला म्हनून मागली दोन ऱ्हायली."

"मग मंगळवारी सांगितलं का नाही?"

"तुमी खलील सरांचं इचारलं. तुमचं कुठं इचारलं?"

वेदिका तिच्या टेबलाशी बसली होती. सोमनाथराव समोर उभे राहिले. बसावं असं त्यांना वाटेना.

"तुला कळलं होतं?"

"मोझॅक म्हटल्यावर सोमवारीच शंका आली. रजिस्टरमध्ये 'पाहुणे – एक' असं मीच लिहिलं होतं. सही करा म्हटलं तर तुम्ही रागावला असतात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू, बाबा? जनुकाचं काम करणारी बाई समितीला सांगणार, सासऱ्याची दृष्ट लागली? आपल्या नातेवाइकांनी ते वर्षभर पुरवून खाल्लं असतं. आणि तुम्ही..." ती थांबली. "तुम्ही इतक्या वर्षांनी माझं काम बघायला आला होतात."

दातीरांना थांबणं जमलं नव्हतं; बाहेर शिपाई खलीलभाईंच्या खोलीकडे पत्र घेऊन निघाला होता. सोमनाथरावांनी त्याला हाक मारली आणि पत्र काढून घेतलं. मग, चौकशी अधिकाऱ्याला शोभेल अशा सावकाशीने, त्याच्या चार घड्या केल्या.

६

समितीत तिघं होते. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चौकशीचा निष्कर्ष?"

"आरोपी सापडला," सोमनाथराव म्हणाले. दातीर सरसावून बसले. "मीच तो."

त्यांनी सगळं ओळीने सांगितलं. चार पट्ट्या, दारापासून कोपऱ्यापर्यंतची वाट, चहा, वाचलेली दोन रोपं. "रोगाने रोपं निवडली नाहीत. मी निवडली. साध्या रोपांना माझा हात लागला असता तर तीही अशीच झाली असती. खात्री करायची तर माझी चंची इथं आहे. चार साध्या रोपांना आज लावा, तीन आठवड्यांनी बघा."

"पण तुम्ही फक्त चांगल्याच रोपांना हात का लावलात?"

सभागृहात पंखा फिरत होता. सोमनाथरावांनी सुनेकडे पाहिलं नाही.

"खोट काढायला. मला ते यश सहन होत नव्हतं. मुरडलेलं एक पान हवं होतं मला, बाई, फक्त एक. घरी जाताना मनाला तेवढं पुरलं असतं. म्हणून शेंडा शेंडा उलटला, पान पान पाहिलं. चौतीस वर्षांत सरकारने पगार देऊनही मी इतकी बारीक तपासणी केली नव्हती."

"आणि सापडलं?"

"नाही. अठरा रोपांत एकही नाही."

अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. "हे लिहून घ्या," त्या शेजारच्या सदस्याला म्हणाल्या. "स्नेह्यांच्या साक्षी आमच्याकडे पोत्याने येतात. खोट काढायला गेलेल्याची अशी पहिलीच."

बी जाळायचं नाही, फाईल उघडी राहील, तंबाखूची चाचणी साध्या रोपांवर होईल, आणि सहा आठवड्यांनी चाळीस नवी रोपं पुन्हा पाहिली जातील, असं ठरलं. दातीरांनी समारोपात चौकशी आपल्याच कल्पनेतून निघाल्याचं दोनदा सांगितलं. दाराशी खलीलभाई भेटले.

"साहेब, आम्ही बिचारे बाहेरून जळत होतो. तुम्ही तर आत जाऊन हात शेकलेत!"

गाडी वेदिका चालवत होती. सातपूरला कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटारसायकलींचा लोंढा सिग्नलला अडला होता. 

"मी चूक केली," सोमनाथराव म्हणाले.

"हो."

सिग्नल अजून लालच होता.

"नव्या रोपांची तपासणी रोज करायला एक माणूस लागेल," वेदिका म्हणाली. "मुरडलेलं पान मनापासून शोधणारा. अध्यक्षबाईंनीच सुचवलं."

सोमनाथरावांनी घसा साफ केला. "हरकत नाही. मोजे घालीन. चंची घरी ठेवीन."

"तुम्ही नाही, बाबा. खलील सर. मी विचारलं, ते हो म्हणाले. आत यायला तयार आहेत."

सिग्नल हिरवा झाला. मागून भोंगे वाजले. गाडी पुढं सरकली, बस गेली, दोन चौक गेले.

"खलीलला जमेल?" सोमनाथराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला वाटत नाही, त्याला एवढं बारीक दिसत असेल."

 चार दिवसांत पहिल्यांदाच वेदिका हसत होती, आणि ते सोमनाथरावांना अजिबात आवडलं नाही.